एक पेर आत

बातम्या अर्ध्यावर आल्या होत्या तेव्हा एरियल मुळापासून निखळून तिच्या हातात आली, आणि निवेदिकेचा आवाज तसाच चालू राहिला. खरखर झाली नाही, शिट्टी वाजली नाही, एक अक्षरही गिळलं गेलं नाही. ती खिडकीपाशी उभी होती, रोजच्यासारखी. डावा हात हातभर लांबीच्या ट्रान्झिस्टरच्या पाठीवर, उजव्या हाताची दोन बोटं एरियलच्या टोकापाशी. आता त्या बोटांत ती चकचकीत काठी नुसतीच होती, कशालाही न जोडलेली. आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेल्या तिच्या यजमानांनी समाधानाने मान हलवली. "हां," ते म्हणाले, "आता बरोबर. हलू नकोस."

ती हलली नाही. बातम्या संपेपर्यंत ती तुटलेली एरियल हवेत धरून उभी राहिली, आधी जेवढी उंच होती तेवढीच उंच, खिडकीच्या गजाकडे थोडी कललेली. पहिल्यांदा तिला भीतीच वाटली, वस्तू मोडली म्हणून बोलणी बसतील एवढीच, साधी, रोजच्या वापरातली भीती. मग हवामान सुरू झालं, कुठल्याशा बंदरात वारा वाढल्याचं निवेदिका सांगत होती, आणि त्या भीतीच्या खालून दुसरं काहीतरी हळूहळू वर येऊ लागलं, फरशीच्या सांध्यातून ओल वर येते तसं. आवाज स्वच्छ होता. इतका स्वच्छ तो क्वचितच असायचा. ते उठले, पाठीला हात लावून ताठ झाले, जेवायला काय आहे असं विचारत आत गेले. तिने एरियलचं मोडकं टोक भोकात नुसतं टेकवून ठेवलं आणि पानं घेतली. जेवताना ते बंदराबद्दल बोलत होते. तिला त्यांच्या हनुवटीवर चिकटलेला कण दिसत होता, आणि रोज ती खूण करून सांगायची तसं आज सांगितलं नाही, हे तिच्या हात धुताना लक्षात आलं.

लग्नानंतर लवकरच हा ट्रान्झिस्टर घरात आला होता. एरियल ओढली की एकातून एक अशी पेरं बाहेर यायची, उसाला असतात तशी, टोकाकडे बारीक होत गेलेली. पहिल्या संध्याकाळी ते स्वतःच खटपट करत होते, आवाज येत होता नि जात होता, आणि ती सहज पुढे झाली, तिने एरियलला हात लावला आणि खिडकीत कोणीतरी येऊन उभं राहावं तसा आवाज आला. ते हसले होते. ते फारसे हसत नसत. अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात दिवसभर वायरलेसवर बसून गाड्यांना पत्ते ओरडून सांगणारा माणूस, घरी आला की शब्द मोजून वापरायचा. पण त्या दिवशी हसून म्हणाले, "तुझ्या हाताला धरतो तो. एकेकाच्या हाताला असतं तसं." एवढंच. पण ते वाक्य तिने जपून ठेवलं होतं, बायका एखादा दागिना जपतात तसं, आणि दागिन्यासारखंच फारसं बाहेर न काढता. तिच्या स्वयंपाकाला ते कधी चांगलं म्हणाले नव्हते, वाईटही नाही. मुलगा झाला तेव्हा मुलाकडे बघून छान आहे म्हणाले, तिच्याकडे बघून नाही. हाताचं मात्र एकदा म्हणाले होते. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी खिडकीपाशी. "एक पेर आत," ते डोळे मिटून सांगायचे. "अं हं. अर्धं बाहेर. अगं, अर्धं म्हणजे अर्धं. हां, जरा माझ्याकडे वाकव. बास. धर." आणि ती धरायची. हात भरून आला की दुसऱ्या हाताने पहिल्या हाताचं कोपर धरायची. घसा कोरडा पडला तरी खाकरायची नाही.

तिचे काही नियम होते. सकाळी प्रार्थना झाल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचं नाही, आठवड्यातून एक दिवस बोलायचं नाही, आणि उलट उत्तर कधीच द्यायचं नाही. शेवटचा नियम लग्नात कोणी सांगितला नव्हता. तिने आपण होऊनच घेतला होता, आणि घेतल्याचं कोणाला सांगितलंही नव्हतं, कारण सांगितला की नियमाचं बळ जातं असं तिला वाटे. एरियल धरून उभं राहणं तिने याच नियमांत घालून टाकलं. मनातल्या मनात ती प्रार्थनेच्या ओळी म्हणायची, ओठ न हलवता, निवेदिकेच्या आवाजाखाली. देवाने हीच जागा दिली असेल तर हीच खरी. चांगलं चालत होतं. तिच्या धाकट्या बहिणीला तेवढं पटत नव्हतं. "ताई, तू बायको आहेस की खांब?" ती विचारायची, आणि दोघी हसायच्या. मुलगा मोठा झाला तसा तोही तिला टॉवर म्हणू लागला. पुढे दुसऱ्या शहरात नोकरीला लागल्यावर त्याने बटणं दाबून चालणारा नवा रेडिओ पाठवतो म्हटलं, तर ते म्हणाले, नको, त्यात असला आवाज नाही. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, नव्या रेडिओला आई लागत नाही म्हणून नको ना तुम्हाला? सगळे हसले होते तेव्हा. तीसुद्धा हसली होती, फोनपासून जरा लांब उभी राहून.

ही धाकटी बहीण कायमची परदेशी जायला निघाली त्या संध्याकाळी निरोप घ्यायला आली होती. खाली गाडी उभी होती. दारातून आत पाऊल टाकलं आणि यजमानांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. कुठल्यातरी निवडणुकीचे निकाल चालले होते. ती खिडकीपाशी, बहीण दारात, मधे सगळी खोली. बहिणीने खुणेनेच विचारलं, किती वेळ? तिने खुणेनेच सांगितलं, थोडा. खालून भोंगा वाजला. बहीण हसली, खांबाला करतात तसा तिला वाकून नमस्कार केला, थट्टेने, आणि गेली. डोळे भरलेले होते का तिचे, ते एवढ्या लांबून दिसलं नाही. मग नुसती पत्रं आली, आणि मग एक दिवस मेहुण्यांचं पत्र आलं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती बहिणीच्या त्या वाकण्याचा विचार करत राहिली. आजवर तिला ते आठवलं की वाटायचं, मी करायचं तरी काय होतं, हातात एरियल होती. आज हातात काय होतं?

आणि प्रार्थनेची बैठक. त्यांच्या इमारतीच्या मागे दोन गल्ल्या सोडून एक लहान हॉल होता. तिथे आसपासच्या बायका संध्याकाळी जमत. त्यांचे सूर याच खिडकीतून यायचे. सुरुवात तिला रोज ऐकू यायची, शेवट कधीच नाही, कारण तोवर बातम्या लागायच्या. देवाने आणि बातम्यांनी एकच वेळ धरली होती. तिथे प्रार्थना सांगणाऱ्या मोठ्या बाईंनी एकदा दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना तिचं गुणगुणणं ऐकलं, आणि म्हणाल्या, अहो, एवढा गळा घेऊन घरात काय बसता. तिने घरी येऊन विचारलं. "जा ना," ते म्हणाले, "मी कुठे अडवतो? फक्त बातम्यांपुरती तू इथे हवीस, एवढंच." त्यांनी खरंच कधी अडवलं नाही. पुढे मोठ्या बाई दरवर्षी विचारत राहिल्या, आणि ती दरवर्षी बघते म्हणत राहिली, आणि बघता बघता गळ्याला आत कुठेतरी चीर गेली, वरचा सूर लागेना. आता मोठ्या बाई लेकीकडे राहायला चालल्या होत्या. आजच सकाळी त्या जिने चढून, धापा टाकत घरी आल्या होत्या. खुर्चीत बसून, पदराने मान पुसत, यजमानांसमोरच म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी तुम्ही माझ्या जागेवर बसा. उद्या आला नाहीत तर मग मी शिंपीणबाईंना सांगते. त्यांचा आवाज फाटका आहे, पण त्या येतात." यजमानांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हटलं होतं, जाऊ दे की. मी कुठे अडवतो. आणि ती सवयीने म्हणाली होती, बघते.

दुसऱ्या दिवशी भाजीच्या पिशवीत ट्रान्झिस्टर घालून ती दुरुस्तीच्या दुकानात गेली. यजमानांना बँकेत जायचं होतं, त्यामुळे सांगावं लागलं नाही. दुकान म्हणजे दोन दुकानांमधली फट होती. डोळ्याला भिंग लावलेला, ढेरपोट्या, बोलघेवडा दुकानदार कोणाच्या तरी मिक्सरचं पोट फाडून बसला होता. त्याने ट्रान्झिस्टर उलटापालटा केला, तिला विचारलं, स्टेशन कुठलं लावता, आणि तिने सांगितल्यावर हसायलाच लागला. मग एरियल बाजूला ठेवून त्याने तसाच रेडिओ लावला. कोणीतरी शेतीविषयी बोलत होतं, स्वच्छ. "काकू, ह्या बँडला एरियल म्हणजे टकल्याच्या खिशातला कंगवा. असला काय, नसला काय." आत एक काळी दांडी असते, ती लाटा ओढून घेते, असं त्याने सांगितलं, बाहेरची एरियल दुसऱ्या बँडसाठी, आणि तिथेही ती सगळी ओढायची नसते, लाटेच्या मापाने थोडी आतच ठेवायची, पण लोकांना वाटतं जेवढी लांब तेवढं चांगलं, आणि ओढून ओढून मोडून आणतात, त्यावर माझं घर चालतं. नवीन बसवू का, दिसायला बरी दिसेल, असंही त्याने विचारून बघितलं. तिने विचारलं, मग एरियल धरली की आवाज सुधारायचा तो कसा. तो म्हणाला, पेटी हलायची. एरियल ओढताना पेटी जराशी वळते, आणि ती वळली की आतली दांडी वळते. त्याने पेटी खोक्यावर ठेवून एका बोटाने फिरवून दाखवली; शेतीचा माणूस बुडाला, पुन्हा वर आला. असं एकदा नीट लावून ठेवायचं आणि खुशाल आपल्या कामाला जायचं.

"आणि हात?" तिने विचारलं. "एकेकाच्या हाताला धरतो ना?"

"हाताचं काही नाही, काकू."

"कोणाच्याच?"

"कोणाच्याच," तो म्हणाला, आणि मिक्सरकडे वळला.

ती बाहेर आली. रस्त्यावर पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या नळीतून पाणी उगाच वाहून जात होतं. त्यांना माहीत असेल का, एवढाच एक प्रश्न तिच्या डोक्यात होता, आणि तो इतका मोठा झाला होता की चालताना वाट द्यावी लागत होती. नसेल माहीत. वायरलेसवर बसतात म्हणजे यंत्र उघडून बघतात असं थोडंच आहे. मग एकाएकी, फुटपाथची कड उतरताना, तिला ते दोघे सहकारी आठवले. खात्याच्या परीक्षेला बसणार होते, आणि यजमान त्यांना सुट्टीच्या दिवशी घरी शिकवायचे, वर्तमानपत्राच्या कडेला आकृत्या काढून. ती चहा घेऊन गेली तेव्हा ते सांगत होते, लांबी वाढवली म्हणजे जास्त ऐकू येतं हा अडाणीपणा आहे, प्रत्येक लाटेचं आपलं माप असतं, आणि काही लाटांना तर बाहेरच्या काठीशी देणंघेणंच नसतं. तिने कप ठेवले होते. शब्द तिच्या कानांवर पडले होते, स्पष्ट, मराठीत. पण ते ऑफिसचे शब्द होते, टेबलाभोवती बसलेल्या पुरुषांचे. ते उठून खिडकीपर्यंत येतील आणि तिच्या हातातल्या वस्तूला लागू होतील असं तिला वाटलंच नाही. त्याच संध्याकाळी ते म्हणाले असणार, एक पेर आत. आणि तिने एक पेर आत ढकललं असणार, बरोबर एक, टिक असा आवाज होईपर्यंत.

माणसाचं सोडा. देवाला तरी माहीत असणारच. हा विचार आला तेव्हा ती जिन्याच्या वळणावर थांबली आणि कठडा धरला. तिने ज्याच्या नावाने ते धरलं होतं, त्याला पहिल्या दिवसापासून दिसत असणार की बाई उगाच उभी आहे. ओठ न हलवता म्हटलेली एकेक ओळ त्याच्यापर्यंत पोचत असेल, तर त्याने एकदा तरी, एखाद्या स्वप्नात, एखाद्या परक्या बाईच्या तोंडून कळवायला काय हरकत होती. की त्यालाही उभी राहिलेलीच बरी दिसत होती? तिने लगेच मनात कान पकडले. पण विचार येऊन गेला होता, आणि आलेला विचार पाटीवरच्या अक्षरासारखा पुसता येत नाही, हे ती आयुष्यभर नियम पाळून शिकली होती. दुपारी ती नेहमीप्रमाणे पोथी घेऊन बसली आणि एकच पान पुन्हा पुन्हा वाचलं. प्रश्न विचारणं हे उलट उत्तर देण्यात मोडतं का, याचा तिने बराच वेळ विचार केला. मोडत नाही असं ठरवलं. मग, मोडलं तरी चालेल असंही ठरवलं.

संध्याकाळी तिने धुतलेले कपडे घातले, वेणी घातली. ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवला आणि दुकानदाराने दाखवलं होतं तसा एका बोटाने हळूहळू फिरवला, जिथे खरखर पार गेली तिथे सोडून दिला. एरियल पिशवीतच राहिली होती. मागच्या गल्लीतून बायकांचे आवाज यायला लागले होते, अजून प्रार्थना नाही, नुसतं जमणं, चपला, कोणाचं तरी हसणं. यजमान आले, खुर्चीत टेकले, डोळे मिटले. "एक पेर आत," ते म्हणाले, अजून काही ऐकायच्याही आधी, देवाचं नाव घ्यावं तसं. ती खिडकीपासून दूर, भिंतीशी उभी होती. दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. बातम्या सुरू झाल्या. प्रत्येक शब्द खोलीत सुटा सुटा, धुतल्यासारखा पडत होता. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. आधी खिडकीकडे पाहिलं. ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर एरियलच्या जागी नुसतं भोक होतं. मग तिच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं. आवाज नेहमीइतकाच हलका होता.

काय माहीत होतं, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवरून पुढे आला, आवाज कमी करायला निघाल्यासारखा, आणि परत मागे गेला. ते तिच्या वेणीकडे, धुतलेल्या कपड्यांकडे बघत होते. निवेदिका कुठल्यातरी पुलाच्या उद्घाटनाचं सांगत होती.

"मग आता तू जाशील," ते म्हणाले.

दिवसभर ती बऱ्याच उत्तरांची तयारी करून बसली होती. चिडले तर तिच्याकडे नियम होता. खोटं बोलले तर सहनशीलता होती. हसण्यावारी नेलं तर तीही हसली असती, घराला त्याची सवय होती. या उत्तरासाठी तिच्याकडे काहीच नव्हतं. त्यात राग नव्हता, कावाही नव्हता. होती ती भीती, आणि तीसुद्धा जुनी, मुरलेली, म्हणजे पहिल्या संध्याकाळी, त्या हसण्याच्या आतसुद्धा ती असणार. या माणसाला दिवसभर लांबच्या माणसांशी ओरडून बोलायचं येत होतं आणि खोलीतल्या माणसाला थांब म्हणायचं येत नव्हतं. दया यायला हवी होती, आणि आलीही, वेळच्या वेळी, पाळलेल्या मांजरासारखी पायाशी घोटाळत. तिने तिला उचलून घेतलं नाही. कारण दयेच्या मागोमाग दुसरं आलं होतं. नुसतं इथे थांब म्हणाले असते, एकदाच, कुठल्याही संध्याकाळी, तर ती थांबली असती. रेडिओ नसता तरी थांबली असती. समोरच्या खुर्चीत बसली असती, निवडत काहीतरी. बहीण आली असती तर उठून दारापर्यंत गेली असती आणि परत येऊन बसली असती. तेवढंच लागत होतं. त्याऐवजी त्यांनी तिला हाताचं सांगितलं, आणि ते तिने जपून ठेवलं.

"हो," ती म्हणाली, "जाते." आणि दाराशी चपला घातल्या. त्यांनी अडवलं नाही.

हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या; तिची वाट बघत प्रार्थना आज अडली होती. ती आत गेली तेव्हा शिंपीणबाई मोठ्या बाईंच्या शेजारी सरसावून बसल्या होत्या. तिला बघून त्यांनी तोंड बारीक केलं आणि थोडं सरकल्या. मोठ्या बाईंनी आपली जागा हाताने झटकली आणि तिला बसवलं. इथे कोणाच्या हातात पुस्तक नसे. सांगणारीने एक ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी डोळे मिटून तीच पाठोपाठ म्हणायची, अशी रीत होती. ती जे म्हणेल तेच सगळ्यांचं म्हणणं. तिने पहिली ओळ म्हटली. आवाज खरखरीत निघाला, मधेच तुटला, पण पंधरावीस बायकांनी तो उचलून नीट करून परत दिला, आणि दुसऱ्या ओळीला तो जरा उभा राहिला. तिसरी, चौथी. इतकी वर्षं ओठांच्या आत म्हटलेल्या ओळी अशा दिसतात तर. सगळ्या पाठ होत्या, थांबावं लागत नव्हतं. मग दिवसभरात ज्याने कोणी आपल्याला दुखावलं असेल त्याला क्षमा केल्याची ओळ आली. तिने श्वास घेतला. बायका मिटल्या डोळ्यांनी वाट बघत होत्या. उघड्या खिडकीतून दोन गल्ल्यांपलीकडचा बातम्यांचा आवाज येत होता का हे तिने ऐकून बघितलं, येत नव्हता. तिने ती ओळ सोडली आणि पुढची घेतली.

बायकांनी पुढची म्हटली. मोठ्या बाईंनी तेवढे डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुढच्या ओळीला तिने सूर थोडा वर नेला, जिथे तो लागत नाही हे तिला माहीत होतं तिथे, आणि तो लागला नाही, तरी खाली आणला नाही.